सकर्मक

१

सकाळी मी कर्वेनगरच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते आणि दुपारी घरी दुसऱ्या दिवशीची तयारी करते. स्पर्धा परीक्षांचा क्लास आहे. मुलं बहुतेक विदर्भातून आणि मराठवाड्यातून आलेली, दोन-चार जण खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत जायचं म्हणून केस बारीक कापून बसलेली. शब्द द्या, अर्थ द्या, वाक्य द्या, एवढीच त्यांची मागणी.

वारज्यातला आमचा फ्लॅट सासऱ्यांच्या वावरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत आहे. वावर बिल्डरला दिलं, बदल्यात हा फ्लॅट मिळाला. सासरे, म्हणजे बापूराव, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. नवरा आनंद सकाळीच खडकीला कामावर जातो, तो संध्याकाळी उगवतो. मुलगी मैत्री तेव्हा आठवीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी होती. दुपारी मी माझ्या लहान खोलीत टेबलाशी बसते आणि उद्याची वाक्यं मोठ्यानं वाचते. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला वाक्य नीट उभं राहिल्यासारखं वाटत नाही. पलीकडे आबांची खोली. मधली भिंत चार इंची, त्यामुळे त्यांनाही माझी वाक्यं ऐकावी लागतात.

त्या आठवड्यात शब्द होता ‘पोर्टेंड’. येणाऱ्या गोष्टीची, आणि शक्यतो वाईट गोष्टीची, आधीच खूण दाखवणं. मराठीत याला एका शब्दाचं क्रियापद मला सापडेना. शकुन होतो, अपशकुन होतो, चाहूल लागते. पण एखादी वस्तू नुसती पडल्या पडल्या पुढचं काही सांगते, हे एका शब्दात म्हणता येईना. मी मुलांसाठी दोन मुद्दे काढले. एक, जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘टें’वर. दोन, हे क्रियापद सकर्मक आहे. काय होणार आहे ते पुढे सांगावंच लागतं. काळे ढग पोर्टेंड अ स्टॉर्म. वादळ हे कर्म. ते गाळलं तर वाक्य लटकतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना आबांनी वाटीत बोट बुडवून आमटी चाखली आणि गंभीरपणे म्हणाले, “ही आमटी पोटदुखी पोर्टेंड करती.”

मैत्रीला ठसका लागला. मी म्हटलं, “आबा, जोर बरोबर दिलात.”

“ऐकून ऐकून भिंतीलाबी येत आसंल आता,” ते म्हणाले.

२

काही दिवसांनी सकाळी क्लासहून आले तेव्हा आबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. मला बघून म्हणाले, “आजचं वाक्य अर्धंच सोडलंस.”

“कुठलं?”

त्यांनी डोळे मिटले आणि सातवी शिकलेल्या माणसाच्या तोंडी मी कधी ऐकले नव्हते असे स्वच्छ उच्चार आले. “द क्लॉथ्स दॅट विल नॉट ड्राय पोर्टेंड.” मग डोळे उघडले. “आन् पुढं?”

“म्हणजे न वाळणारे कपडे. मी असं वाक्य दिलंच नाही, आबा.”

“दिलंस की. मी अर्थ इचारणार होतो, पर तुजं चालू होतं म्हणून गप बसलो.”

“कधी?”

“आत्ता सकाळी.”

“सकाळी मी क्लासला असते.”

 आबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. “मग काल आसंल,” ते म्हणाले. माझी अडचण होऊ नये म्हणून त्यांनी ते म्हटलं, हे मला कळलं.

मी मैत्रीला विचारलं. ती सकाळी पोहायला गेलेली असते. वरच्या मजल्यावरची शेफाली परदेशी कंपनीसाठी घरून काम करते, दिवसभर इंग्रजीत बोलते. मी मनात तिच्यावर ढकललं. आवाज पाइपातून उतरतात, डक्टमधून फिरतात. इमारतीत कुणाचं काय ऐकू येईल याचा भरवसा नसतो. शिवाय आबांचं वय. हा शेवटचा विचार मला आवडला नाही, पण सगळ्यांत सोयीचा तोच होता.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले. एप्रिलचं ऊन दिवसभर पडलेलं, फरशी अजून पायाला चटके देत होती. शेजारच्यांच्या दोरीवरच्या चादरी कडक झाल्या होत्या. आमचे कपडे ओले होते. दमट नव्हे, ओले. मैत्रीचा फ्रॉक मी पिळला तर पाणी गळलं.

पोरांनी पाइपानं पाणी मारलं असेल, असं म्हणून मी ते पुन्हा वाळत घातले.

३

पुढचं वाक्य दुधाचं होतं. न उतू जाणारं दूध पोर्टेंड्स. याही वाक्याला पुढे काही नव्हतं. आबांनी ते मला सांगितलं तेव्हा सकाळचं दूध गॅसवर होतं. मी पातेल्याशी उभी राहिले. दूध तापलं, वाफा आल्या, कडेला बुडबुडे धरले आणि तिथेच थांबलं. साय धरली नाही, वर आलं नाही. मी गॅस मोठा केला. बराच वेळ ते तसंच हलत राहिलं, काहीतरी बोलायचं असून न बोलणाऱ्या माणसासारखं. आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

“पाणी जास्त घालतात हल्ली,” मी म्हटलं.

“व्हय,” आबा म्हणाले.

त्या रात्री मी आनंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आबांना कान दाखवून आणू. आणि दूधवाला बदल.” त्यात चूक काही नव्हती. दूधवाला बदलला. कानाच्या डॉक्टरांनी आबांचे कान त्यांच्या वयाच्या मानानं उत्तम आहेत असं सांगितलं.

मग एका सकाळी मी नेहमीसारखी पर्स घेऊन निघाले, आबांना ऐकू जाईल असं दार ओढून घेतलं, मैत्रीला खाली पोहायच्या बसमध्ये बसवलं आणि परत वर आले. चप्पल हातात घेऊन आबांच्या खोलीत गेले.  त्यांनी पलंगावर सरकून मला जागा दिली.

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसलो. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. लिफ्टचं दार वाजलं. मला स्वतःचं हसू यायला लागलं होतं, सासरा आणि सून शाळेतल्या मुलांसारखे भिंतीकडे बघत बसलेत म्हणून. तेवढ्यात पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी बसताना ओढते तशी, आधी मागे आणि मग थोडी तिरकी.

मग मी बोलायला लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. तो माझा आवाज होता. शब्द सांगितला, थांबून पुन्हा सांगितला, आणि ‘टें’ला खुर्चीच्या लाकडी हातावर टक् केलं. मी हे करते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आवाजात घाई नव्हती, राग नव्हता. हुशार नसलेल्या विद्यार्थ्याशी बोलावं तसा, समजुतीचा.

मी उठले आणि त्या खोलीचं दार उघडलं. टेबल, पुस्तकं, पेन. खुर्ची तिरकी होती. पंखा मी बंद करून गेले होते, तो बंदच होता. खिडकीतून सकाळचं ऊन थेट खुर्चीवर पडलं होतं. मी हात लावला तर बैठक गरम लागली. पण उन्हात खुर्ची गरमच लागणार.

परत आले तेव्हा आबा तिथेच बसून होते.

“ऐकलंस?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलले ते त्यांनी ओळखलं. पण घरात दोघांनी घाबरण्यापेक्षा एकानं घाबरावं, असा त्यांचा हिशेब असावा.

४

त्यानंतर मी दुपारी त्या खोलीत बसायचं सोडलं. तयारी जेवणाच्या टेबलावर करायला लागले, तीही मनातल्या मनात. क्लासमध्ये नवा शब्द घेतला. मुलांनी तक्रार केली, “मॅडम, आवाज येत नाही मागे.”

एका दुपारी मी स्वयंपाकघरात गवार निवडत होते. मैत्री बाहेरच्या खोलीत पुस्तक वाचत पडली होती. आबा माझ्यासमोर पाटावर बसून शेंगांच्या शिरा काढत होते. अचानक मैत्री मोठ्यानं म्हणाली, “आले गं!” आणि पावलं वाजवत दारात आली.

“काय?”

“काय काय? तूच हाक मारलीस ना.”

“मी नाही मारली.”

“अगं, आत्ता. तुझ्या खोलीतून.” मग तिनं माझ्या हातातली गवार पाहिली, मला पाहिलं, आणि तिचा चेहरा जरा गोंधळला. “बरं, मग मला भास झाला असेल.” ती परत गेली.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. आबांच्या हातातलीही. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. सासूबाई गेल्या तेव्हाही नाही.

“आबा? काय झालं?”

“काय न्हाई.”

“नवीन वाक्य आहे का? सांगा.”

ते ताटलीतल्या शिरा एका बाजूला लोटत राहिले. अखेर म्हणाले, “चाइल्ड म्हंजी पोरगंच ना?”

“हो.”

“आन्सर म्हंजी उत्तर.”

“हो.”

“हाक मारायच्या आधीच ओ देणारं पोर,” आबा हळू म्हणाले. “परवापासनं तेच चाललंय. दुसरं वाक्यच न्हाई.”

५

मी त्याच संध्याकाळी मैत्रीला माझ्या माहेरी वर्ध्याला पाठवायचं ठरवलं. गाडीची तिकिटं सुट्टीमुळे मिळत नव्हती. आनंद म्हणाला, “आठवडाभर थांब, मी नेऊन सोडतो. उन्हाळ्यात वर्ध्याला कोण जातं पण?” तो थट्टा करत होता. मी रडायला लागले तेव्हा थांबला, शेजारी बसला, आणि शनिवारी निघू म्हणाला. त्याचा विश्वास बसला नव्हता; पण माझं ऐकायचं त्यानं ठरवलं, एवढं मला पुरेसं होतं.

मी क्लासला सुट्टी टाकली आणि मैत्रीला नजरेआड होऊ दिलं नाही. लहान खोलीला बाहेरून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून.

“एक इचारू? शिकवणीतलं हाय.”

“विचारा ना.”

“त्या शब्दाम्होरं माणसाचं नाव चालतं का?”

माझं अर्धं लक्ष बाहेर मैत्रीकडे होतं. सवयीनं मी उत्तर दिलं. “नुसतं नाव नाही चालत. घटना लागते. त्या माणसाचं लग्न, आजारपण, मरण, असं काहीतरी.”

“मरण म्हंजी डेथ.”

“हो. आधी नाव, त्याला ‘स’सारखा आवाज जोडायचा, मग डेथ. समजा, संपत्स डेथ. संपतचं मरण.”

“म्हंजी आपल्यासारखंच हाय की.” त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. त्यांच्या तोंडून ‘डेट’ येत होतं. मी म्हटलं, जिभेचं टोक दातांत धरा आणि हवा सोडा. त्यांनी जीभ दातांत धरली. कवळीमुळे शीळ आली. आम्ही दोघंही हसलो. शेवटी जमलं.

“आन् एकानं वाक्य अर्धं सोडलं, तर दुसऱ्यानं पुरं केलेलं चालतं?”

“वर्गात मी तेच करायला लावते. कर्म रिकामं ठेवते, मुलं भरतात.”

“कुणाचं धरतीस?”

“जो पहिल्यांदा बरोबर सांगेल त्याचं.”

“झ्याक,” आबा म्हणाले आणि चहा मागितला.

६

शुक्रवारची दुपार. मैत्री बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपली होती. तिच्यावर पंखा होता, लहान खोलीला कडी होती, आबा घरात होते, म्हणून मी गच्चीवर जाऊन कपडे पाहून आले. ओलेच होते. बादली घेऊन खाली उतरले आणि दार उघडताच पाहिलं की लहान खोलीची कडी काढलेली आहे.

मैत्री सोफ्यावर होती, तोंड उघडं टाकून झोपलेली. मी आधी तिच्या नाकाशी बोट धरलं. मग बादली खाली ठेवली.

खोलीचं दार थोडं किलकिलं होतं. आतून माझा आवाज येत होता.

मी दारापर्यंत गेले. फटीतून आबा दिसत होते. ते फरशीवर मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर, टोपी शेजारी काढून ठेवलेली. ते वर बघत होते, खुर्चीकडे. खुर्चीची पाठ आणि एक हात, एवढंच मला फटीतून दिसत होतं. त्या लाकडी हातावर एका बाईचा हात ठेवलेला होता. बोटं जराशी उचललेली. मनगटावर माझं घड्याळ होतं. मी माझ्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ तिथेही होतं.

मला आत जाता आलं नाही. 

माझा आवाज शांतपणे सांगत होता. हाक मारायच्या आधी ओ देणारं मूल. मग शब्द. ‘टें’ला बोट खाली आलं, टक्. आणि त्या दुपारी पहिल्यांदा वाक्य पुढे गेलं.

“मैत्रीज...”

“बापूराव्ज,” आबा मध्येच म्हणाले, स्वतःचं नाव घालून.

आवाज थांबला. बोट वरच राहिलं.

बाहेर मैत्रीनं झोपेत कूस बदलली. आवाजानं पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात केली, चुकलेल्या मुलाला दुसरी संधी द्यावी तशी. मूल, हाक, ओ. टक्. आबांनी या वेळी वाट पाहिली नाही. जिभेचं टोक दातांत धरून, हवा सोडून, एकेक अक्षर नीट लावून ते म्हणाले, “बापूराव्ज डेथ.”

खोलीत काही हललं नाही. मग ते बोट सावकाश खाली आलं. खुर्चीच्या हातावर टेकलं, पण वाजलं नाही. दार माझ्या नाकासमोर आतून हलकेच लागलं.

मी ढकललं तेव्हा ते लगेच उघडलं. खुर्ची रिकामी होती. आबा गुडघ्यावर हात टेकून उठायच्या प्रयत्नात होते.

“हात दे,” ते म्हणाले. “मुंग्या आल्या पायाला.”

७

त्या संध्याकाळी कपडे वाळले. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं आणि ओटा पुसताना मला रडू आलं. मैत्री वर्ध्याला जाऊन आली, शाळा सुरू झाली, आता ती नववीत आहे आणि हाक मारली तरी ओ देत नाही.

आबांना मी खूप बोलले. असं का केलंत, मला का विचारलं नाहीत. ते म्हणाले, “तुलाच तर इचारलं.” डॉक्टरांकडे नेलं, सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळ्या चांगल्या आल्या. एका सकाळी घरात कुणी नसताना मी त्या खुर्चीत बसले आणि मोठ्यानं तेच वाक्य म्हटलं. शेवटी माझं नाव घातलं. मग स्वतःचं नाव घालायचं नाही अशी आबांनी घातलेली मैत्रीची शपथ आठवून ते मागे घेतलं आणि ‘काहीच नाही’ असं घातलं. नंतर जे सुचेल ते घालत बसले. कुणी बरोबर म्हटलं नाही, कुणी चूक म्हटलं नाही. पुन्हा त्या खोलीतून कधी काही ऐकू आलं नाही.

आबांना मात्र बरं वाटत होतं. सोसायटीच्या बाकावर बसायचे, लोकांना दुधात पाणी किती ते सांगायचे. रविवारी मैत्रीला घेऊन खडकवासल्याला गेले, कणीस खाल्लं, येताना आपली टोपी तिच्या डोक्यावर घालून आणली. मला वाटायला लागलं की काहीच होणार नाही.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा ठीक होता, नुसते दमलेले वाटत होते.

“हितं बस. समोर,” ते म्हणाले. “आन् बोल कायतरी. मराठीत.”

“काय बोलू?”

“काय बी. तोंड बघत ऐकायचंय मला. मग तूच हायस हे कळतं.”

मी डॉक्टरांना फोन लावायला उठले तर त्यांनी माझा हात धरला. पकड घट्ट होती, घाबरलेली नव्हती. मग मी बोलायला लागले. मंडईत फ्लॉवर काय भाव आहे, मैत्रीनं शाळेत कुणाशी भांडण केलं, आनंदनं गाडीला नवा हॉर्न बसवलाय तो किती घाणेरडा आहे. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. मधूनच हसत होते. एका हातानं मी मोबाइलवर आनंदला घरी ये म्हणून कळवलं. बाहेर ऊन होतं, खाली कुणीतरी स्कूटर धूत होतं.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की त्यांची नजर माझ्या ओठांवरून सरकली आहे. फार नाही, थोडीशीच. माझ्या खांद्याच्या पलीकडे, मागे.

मी बोलायची थांबले.

आबा ऐकतच होते. भुवया किंचित वर गेलेल्या, मान जराशी तिरकी, एखादी अवघड गोष्ट कुणीतरी सोपी करून सांगत असावं तसे. बराच वेळ ते तसे ऐकत राहिले. मग त्यांनी, समजलं म्हणून, सावकाश मान हलवली आणि माझा हात सोडला.